चेक पॉइंटच्या जुन्या रिव्हिजनांचा निचरा

महापे एमआयडीसीतली एक कंपनी, तिथला चेक पॉइंट फायरवॉलचा मॅनेजमेंट सर्व्हर, म्हणजे जिथून फायरवॉलचे नियम ठरतात तो. व्हर्च्युअल मशीन, आवृत्ती आर८१.२०, खाली फायरवॉल गेटवेचे दोन क्लस्टर. तिमाहीचा जम्बो हॉटफिक्स, म्हणजे दुरुस्त्यांचा एकत्र गठ्ठा, चढवायला घेतला आणि आधीच्या तपासणीतच अडलं. डिस्कची जागा दाखवणारं ‘डीएफ -एच’ म्हणत होतं, रूट पार्टिशन ९१ टक्के भरलेलं. लॉगचं पार्टिशन मात्र निम्मं मोकळं.

सगळ्यांचा पहिला संशय लॉगवर जातो आणि तो चुकीचा असतो. गाया, म्हणजे चेक पॉइंटची ऑपरेटिंग सिस्टिम, लॉग /व्हार/लॉगमध्ये ठेवतो आणि ते वेगळं लॉजिकल व्हॉल्यूम आहे. तिथे कितीही झाडलं तरी रूटमध्ये एक मेगाबाइट सुटत नाही. रूट भरण्याची कारणं दुसरी: कुणीतरी ॲडमिनच्या होम डिरेक्टरीत विसरलेली एक्स्पोर्टची टीजीझेड फाइल, उतरवून ठेवलेली पॅकेजं, आणि मॅनेजमेंटचा स्वतःचा डेटाबेस. डिरेक्टरींचे आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ला ‘-एक्स’ लावून रूटपुरतंच मोजलं, म्हणजे ते लॉगच्या पार्टिशनमध्ये भटकत नाही, आणि आकारानुसार क्रम लावला. वर दोन गोष्टी आल्या. एक होती सहा जीबीची जुनी एक्स्पोर्ट फाइल. दुसरी पोस्टग्रेसची, म्हणजे मॅनेजमेंटच्या डेटाबेसची, डेटा डिरेक्टरी. रिव्हिजन साठतात त्या तिथेच.

पहिली लगेच दुसऱ्या मशीनवर हलवली. ही घाई उगाच नव्हती, कारण ती मोकळी जागा पुढे लागणार होती. का ते खाली येईल.

रिव्हिजन म्हणजे नेमकं काय, हे इथे सांगायला हवं. आर७७च्या काळातले इंजिनिअर अजूनही जुनं चित्र डोक्यात ठेवून बोलतात. तेव्हा डेटाबेस रिव्हिजन कंट्रोल होतं: आपण मागितली की अख्ख्या डेटाबेसची एक प्रत निघायची. पॉलिसी इन्स्टॉल करताना आपोआप प्रत काढायची खूण कुणी लावून ठेवली असली, तर डिस्क पटापट भरायची. २०१६ साली आर८० आलं आणि हे बदललं. आता दर ‘पब्लिश’ला, म्हणजे केलेले बदल पक्के करण्याला, एक रिव्हिजन तयार होते, विचारायला कुणी थांबत नाही. ती पूर्ण प्रत नसते. त्या सेशनमध्ये, म्हणजे लॉगिनपासून पब्लिशपर्यंतच्या कामात, ज्या ऑब्जेक्टना हात लागला, त्यांच्या जुन्या-नव्या नोंदी तेवढ्या राहतात. म्हणून एका ओळीच्या रूलबदलाची रिव्हिजन चिमुकली, आणि हजारो सदस्यांचा ग्रुप पुसून पुन्हा भरणाऱ्याची जाडजूड. नुसत्या संख्येवरून डिस्कचा हिशेब लागत नाही तो यामुळे.

तरी आधी संख्याच काढली. मॅनेजमेंटच्या एमजीएमटी-सीएलआय या कमांड लाइनमधून ‘शो सेशन्स’, त्याला ‘व्ह्यू-पब्लिश्ड-सेशन्स ट्रू’ आणि ‘लिमिट १’. उत्तर जेसन या मजकुराच्या मांडणीत घेऊन, ती वाचणाऱ्या जेक्यूने ‘टोटल’ हे फील्ड बघितलं. अठरा हजारांवर. ‘व्ह्यू-पब्लिश्ड-सेशन्स’ विसरलात, तर फक्त उघडी, पब्लिश न झालेली सेशन दिसतात. मग माणूस म्हणतो, ‘अरे, इथे तर सातच आहेत!’ आणि निवांत होतो.

ती सात उघडी सेशनही तपासण्यासारखीच असतात, पण तो मामला निराळा. त्यांनी ऑब्जेक्टवर कुलूप धरलेलं असतं, आणि पर्जचा, म्हणजे जुन्या रिव्हिजन काढण्याचा, त्यांच्याशी संबंध नाही. ‘मॅनेज अँड सेटिंग्ज’मधल्या ‘सेशन्स’मध्ये ज्याची त्याला विचारून निकालात काढायची. न विचारता डिस्कार्ड केलं तर कुणाचं तरी दिवसभराचं काम जातं.

आता अठरा हजार आल्या कुठून? स्मार्टकन्सोलमध्ये, म्हणजे ॲडमिनच्या खिडकीत, त्याच ‘सेशन्स’खाली ‘रिव्हिजन्स’ उघडलं, तर डोळ्यांपुढे एकच नाव उभं: एपीआयचा यूझर. ००:००, ००:३०, ०१:००, ०१:३०... पानामागून पान तेच. मध्येच कुठेतरी एखाद्या माणसाने दुपारी सव्वातीनला केलेला खरा बदल, वाळूत हरवलेल्या अंगठीसारखा. सेशनच्या नावाचा आणि वर्णनाचा रकाना कोरा, म्हणजे कोणत्या अर्ध्या तासात काय झालं हेही कळायची सोय नाही.

संशयित आयपींची यादी बाहेरून आणून एका ग्रुपमध्ये टाकणारी ती स्क्रिप्ट होती. दर अर्ध्या तासाला, म्हणजे दिवसाला ४८ पब्लिश, वर्षाला १७,५२०. आणि लिहिणाऱ्याने फरक काढण्याचे कष्ट न घेता दरवेळी अख्खा ग्रुप नव्याने भरला होता. यादीत दोन आयपी बदलले तरी रिव्हिजन हजारोंची.

अशा वेळी आधी पर्ज लावून मोकळं व्हायचा मोह होतो. आम्ही क्रम उलटा ठेवला, आणि तोच बरोबर असं आमचं मत आहे. छप्पर गळतं तसंच ठेवून बादल्या किती वेळा रिकाम्या करणार! आर८१.२०मध्ये नेटवर्क फीड नावाचा ऑब्जेक्ट आहे. रूलमध्ये तो एकदा बसवला, पॉलिसी एकदा इन्स्टॉल केली, की गेटवे स्वतः दिलेल्या पत्त्यावरून यादी ठराविक अंतराने आणत राहतो. ना पब्लिश, ना इन्स्टॉल. स्क्रिप्टची यादी एका आतल्या वेब सर्व्हरवर साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवली, ओळीला एक आयपी, आणि फीड तिकडे वळवला. गेटवेला त्या वेब सर्व्हरपर्यंत पोचता येतंय ना, हे मात्र गेटवेवरूनच तपासायचं. यादी आणायला गेटवे जातो, मॅनेजमेंट नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. सर्टिफिकेट, प्रॉक्सी, मधला रूल, सगळं गेटवेच्या बाजूने बघायचं. आवृत्ती जुनी असेल आणि फीड नसेल, तर निदान स्क्रिप्टने फरक काढून तेवढेच सदस्य वाढवावे-काढावे, फरक शून्य असेल तर पब्लिश करूच नये, आणि लॉगिन करताना सेशनला नाव द्यावं. शेवटी लॉगआउट. ते विसरलेल्या स्क्रिप्टा उघडी सेशनं मागे ठेवत जातात.

स्क्रिप्ट थांबली, एक दिवस रूलचे हिट, म्हणजे तो किती वेळा लागू झाला, ते बघितले, मग पर्जकडे वळलो.

पर्ज म्हणजे एका ठरावीक टप्प्याआधीच्या सगळ्या रिव्हिजन कायमच्या काढणं. मधलीच एक काढता येत नाही. त्या ठिकाणापासून मागचं सगळं जातं. परत आणायचा मार्ग नाही. आजची पॉलिसी, ऑब्जेक्ट, रूल यांना धक्का लागत नाही. जातं ते एवढं: जुन्या रिव्हिजनमध्ये काय बदललं हे बघणं, दोन रिव्हिजनांची तुलना, आर८१पासून आलेली त्या रिव्हिजनवर मागे जायची सोय, आणि इन्स्टॉलेशन हिस्टरीतून त्या काळची पॉलिसी पुन्हा इन्स्टॉल करणं. हे शेवटचं लोकांच्या लक्षात राहत नाही. रात्री अडीच वाजता काही बिघडलं की ‘मागची पॉलिसी टाका’ म्हणतात, तेव्हा ‘मागची’ म्हणजे किती मागची, हे आधी ठरलेलं बरं.

मग किती दिवस ठेवायचं? कंपनीच्या कम्प्लायन्स बघणाऱ्या मॅडमनी लगेच विचारलं, ‘सर्ट-इनचे १८० दिवस आहेत ना? मग रिव्हिजन कशा पुसता?’ प्रश्न रास्त आहे. सर्ट-इनच्या, म्हणजे सायबर घटना बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत लॉग १८० दिवस, आणि तेही भारताच्या हद्दीत, ठेवायला सांगितले आहेत. पण रिव्हिजन म्हणजे लॉग नव्हे. कुणी, कधी, कोणत्या मशीनवरून काय बदललं, याची नोंद ऑडिट लॉगमध्ये जाते. तो वेगळ्या फाइलीत, लॉगच्या पार्टिशनवर असतो आणि पर्ज त्याला हात लावत नाही. उलट ऑडिट लॉग जातो तो लॉग सर्व्हरच्या स्वतःच्या सफाईने, म्हणजे डिस्कवरची मोकळी जागा अमुक टक्क्यांखाली आली की जुनं काढा, या सेटिंगने. म्हणून मॅडमना उत्तर देण्याआधी ते सेटिंग उघडून बघितलं आणि १८० दिवसांपूर्वीचा एक बदल ऑडिट लॉगमध्ये शोधून दाखवला. तोंडी खात्री देऊ नये. एक खरी नोंद पडद्यावर काढून दाखवली की ऑडिटवाल्यांचं निम्मं समाधान तिथेच होतं.

तरीही शिल्लक ठेवायचे दिवस आम्ही १८०च धरले. बॉट, म्हणजे ती स्क्रिप्ट, बंद झाल्यावर दिवसाला चार-पाच पब्लिश, म्हणजे सहा महिन्यांच्या हजाराच्या आतबाहेर. एवढं त्या सर्व्हरला जड नाही. बॉट चालूच ठेवून १८० दिवस म्हटलं असतं तर ८,६४० नुसत्या त्याच्या झाल्या असत्या. आणि दिवसांऐवजी संख्या धरून ‘शेवटच्या १००’ म्हटलं असतं, तर बॉटच्या जोरावर जेमतेम दोन दिवसांचा इतिहास उरला असता. माणसांनी केलेले बदल धुऊन गेले असते. जिथे माणसंच पब्लिश करतात, तिथे दिवस किंवा संख्या, काहीही चालतं. जिथे यंत्र करतं, तिथे दिवस धरावेत.

पर्जच्या आधीची तयारी. ‘मायग्रेट-सर्व्हर’ची एक्स्पोर्ट काढून ती सर्व्हरबाहेर नेली. गायाचा बॅकअप काढला. स्नॅपशॉटही घेतला, पण त्यावर एकट्यावर विसंबायचं नाही: त्यात /व्हार/लॉग येत नाही, आणि त्याला डिस्कवर वाटप न झालेली जागा लागते. रिव्हिजनांची यादी, म्हणजे तारीख, यूझर, सेशनचं नाव, बदलांची संख्या, सीएसव्हीत उतरवून ठेवली. ‘शो सेशन्स’ एका वेळी जास्तीत जास्त ५०० देतो, त्यामुळे ‘ऑफसेट’ वाढवत ३६-३७ फेऱ्या. लहानशा लूपचं काम. यादीवरून जुनी रिव्हिजन परत येणार नाही, पण सहा महिन्यांनी कुणी ‘त्या आठवड्यात कुणाकुणाचे बदल होते’ विचारलं तर हातात कागद असतो.

शनिवारी रात्री ११ ते रविवारी पहाटे ४ अशी विंडो मिळाली. घणसोलीहून ठाण्याची शेवटची गाडी हुकणार हे ठरलेलंच होतं, आणि रविवारी मेगाब्लॉक आहे का तेही लोकांनी आधी बघून ठेवलं होतं.

आपोआपचं पर्ज पहिल्याच दिवशी अठरा हजारांवर सोडायचं नाही. कारण पोस्टग्रेसच्या पोटात आहे. डिलीट केल्यावर ओळ फाइलमधून लगेच जात नाही. ती मेलेली म्हणून खूण होते. आणि ते डिलीट करण्याची नोंद राइट-अहेड लॉगमध्ये लिहिली जाते. म्हणजे मोठं पर्ज सुरू असताना डिस्क आधी वाढते. ९१ टक्क्यांवरच्या रूटवर हे एका दमात केलं तर डेटाबेसला लिहायला जागा न उरण्याची वेळ येऊ शकते, आणि मग पर्ज राहिलं बाजूला, मॅनेजमेंटच आडवं. सहा जीबीची फाइल आधी हलवली ती याचसाठी.

म्हणून हाताने, टप्प्यांत. ‘पर्ज-पब्लिश्ड-सेशन्स’ ही कमांड, तिला ‘नंबर-ऑफ-सेशन्स-टू-प्रिझर्व्ह’ १५,०००. ती टास्क आयडी देते. ‘शो टास्क’ने प्रगती बघायची. टास्क संपली की ‘डीएफ’ बघायचं, प्रोसेसर आणि डिस्कचा भार खाली यायची वाट बघायची, मग १२,०००. मग १०,०००. पहिला टप्पा सर्वांत धीमा गेला आणि डिस्क दोन टक्क्यांनी वर गेली, अपेक्षेप्रमाणे. शेवटी संख्या सोडून ‘प्रिझर्व्ह-टू-डेट’ देऊन १८० दिवसांपूर्वीच्या तारखेपर्यंत आणलं. प्रत्येक टप्प्यानंतर स्मार्टकन्सोलमधून लॉगिन करून एक रूल उघडून बघितला. पॉलिसी इन्स्टॉल मात्र सगळं संपल्यावर एकदाच, कमी महत्त्वाच्या क्लस्टरवर आधी.

मल्टी-डोमेन, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक स्वतंत्र मॅनेजमेंट, असेल तर हे सगळं दर डोमेनला वेगळं करायचं असतं, कारण प्रत्येकाचा इतिहास स्वतंत्र. हाय अव्हेलेबिलिटी, म्हणजे जोडीला राखीव सर्व्हर, असेल तर ॲक्टिव्ह सर्व्हरवर, आणि नंतर स्टँडबायचं सिंक हिरवं आहे ना ते बघून घ्यायचं.

पहाटे तीनला रिव्हिजन जवळपास निम्म्यावर, आणि ‘डीएफ’ काय म्हणतंय? ८४ टक्के. त्यातला बराचसा फरक त्या हलवलेल्या फाइलचाच. क्लायंटकडच्या साहेबांनी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘मग एवढं पुसून मिळालं काय?’

मिळालं ते असं. मेलेल्या ओळींची जागा ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसचा आपोआप चालणारा झाडूवाला, मोकळी म्हणून नोंदवतो, आणि नव्या नोंदी त्याच जागेत बसतात. फाइल लहान होत नाही, पण वाढायचीही थांबते. ऑपरेटिंग सिस्टिमला जागा परत द्यायची तर टेबल नव्याने लिहावं लागतं, ते ‘व्हॅक्यूम फुल’चं काम, त्याला टेबलवर पूर्ण कुलूप लागतं आणि टेबलएवढी जादा जागाही. म्हणजे जागा नाही म्हणून करायचं आणि त्यालाच जागा लागते! मॅनेजमेंटच्या डेटाबेसवर हे स्वतःहून, सपोर्टच्या सूचनेवाचून करू नये. चालत्या सीपीएमखालची, म्हणजे मॅनेजमेंटच्या मुख्य प्रोसेसखालची, टेबलं अडवून ठेवणं हा विकतचा ताप आहे. ‘पीएसक्यूएल-क्लायंट’ने आत जाऊन ‘पीजी-डेटाबेस-साइज’ विचारणं, म्हणजे नुसतं वाचणं, तेवढं करावं. आकडा आठवड्याला लिहून ठेवला की वाढ थांबली का ते कळतं.

डिस्कची टक्केवारी खरोखर खाली आणायची असेल तर दोन वाटा. एक, ‘एलव्हीएम-मॅनेजर’ने रूट व्हॉल्यूम वाढवणं. वाटप न झालेली जागा असेल तर सोपं, पण स्नॅपशॉटही त्याच जागेत बसतात, म्हणून सगळी ओतून मोकळं होऊ नये. दुसरी, पुढच्या अपग्रेडला नव्या मशीनवर एक्स्पोर्ट-इम्पोर्ट करणं. तिथे टेबलं नव्याने भरली जातात, जुना फुगवटा सोबत येत नाही, आणि रिव्हिजन कमी असल्यामुळे एक्स्पोर्टही लहान होते, इम्पोर्टही लवकर संपतो. आम्ही पहिली वाट आत्ता घेतली, दुसरी अपग्रेडसाठी ठेवली.

आता आपोआपचं. कमांड ‘सेट ऑटोमॅटिक-पर्ज’. ‘एनेबल्ड ट्रू’. ‘कीप-सेशन्स-बाय-डेज ट्रू’, ‘नंबर-ऑफ-डेज-टू-कीप १८०’, आणि ‘कीप-सेशन्स-बाय-काउंट फॉल्स’. दोन्ही निकषांपैकी एक तरी खरा असल्याशिवाय कमांड चालत नाही. एकच लावला की विचारणाऱ्याला एका वाक्यात उत्तर देता येतं. पुढे ‘शेड्यूलिंग’चे तीन भाग, तेही सक्तीचे: ‘स्टार्ट-डेट’, ‘टाइम-युनिट्स’, ‘चेक-इंटर्व्हल’. आम्ही आठवडे आणि १ दिलं, म्हणजे आठवड्यातून एकदा तपासणी. सुरुवात सोमवारी पहाटे ४:३०, कारण शनिवार-रविवारी गायाचा बॅकअप आणि व्हीएमचा बॅकअप दोन्ही असतात. ‘स्टार्ट-डेट’मध्ये ‘नाउ’ असंही लिहिता येतं. ज्या सर्व्हरवर हजारो जुन्या रिव्हिजन बसल्यात, तिथे ते लिहू नका.

पहिलं आपोआप पर्ज चाललं ते सोमवारी सकाळी १० वाजता. बरोबर त्याच वेळी सगळी शिफ्ट स्मार्टकन्सोल उघडून बसलेली. काढायचं एकाच आठवड्याचं असल्याने कुणाला जाणवलं नाही, एवढंच नशीब. कारण साधं होतं: ‘स्टार्ट-डेट’मध्ये टाइमझोन लिहिला नाही, तर सर्व्हरचा टाइमझोन धरला जातो, आणि हा सर्व्हर यूटीसीवर होता. ४:३०मध्ये साडेपाच तास मिळवा. गायाच्या सीएलआयश या कमांड लाइनमध्ये ‘शो टाइमझोन’ आधी बघितलं असतं तर टळलं असतं. चालत्या सर्व्हरचा टाइमझोन बदलण्यापेक्षा वेळेपुढे +०५:३० लिहून कमांड पुन्हा दिली आणि ‘शो ऑटोमॅटिक-पर्ज’ने वाचून घेतली.

पुढच्या मंगळवारी फक्त तीन गोष्टी बघितल्या. ‘टोटल’ घटला का. सर्वांत जुन्या उरलेल्या रिव्हिजनची तारीख १८० दिवसांच्या आसपास आहे का. एक आठवडा इकडेतिकडे चालतो, कारण तपासणीच आठवड्याला होते. आणि डेटाबेसचा आकडा स्थिर आहे का. तिन्ही जागच्या जागी. रूट व्हॉल्यूम वाढवल्यावर ६८ टक्क्यांवर आलं होतं, ते तिथेच. जम्बो त्याच आठवड्यात बुधवारी रात्री चढला.

महिन्याच्या तपासणीच्या यादीत एक ओळ वाढवली आहे: कोणत्या यूझरने महिन्यात किती पब्लिश केले. पहिल्याच महिन्यात त्यात एक नवीन नाव निघालं, दिवसाला २४ वेळा, दर तासाला एक. दुसऱ्या टीमने चाचणीसाठी लावलेली स्क्रिप्ट होती आणि काढायची राहून गेली होती.